पाण्यानं राखलेली जागा

९ जानेवारी

प्रिय मामा,
नमस्कार.

हे पत्र आधी तू एकट्यानं वाच. आईला वाचून दाखवायच्या आधी. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत माझी पत्रं तूच तिला वाचून दाखवतोस, हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मला दिवस गेलेत. पाचवा महिना संपत आलाय. दोन वेळा हातचं निसटल्यावर यावेळी आम्ही दोघांनी ठरवलं होतं, पोट दिसायला लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आता सांगायची वेळ आली ती वेगळ्याच कारणानं. परवा सकाळी पाणी गेलं. सगळं नाही, थोडं. बाळाभोवतीच्या पिशवीला कुठेतरी बारीक भोक पडलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, डाव्या कुशीवर पडून राहा, भरपूर दूध-पाणी प्या, औषधं घ्या आणि वाट बघा. कधीकधी भोक आपोआप मिटतं. कधीकधी नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. माझ्या आधीची तिची दोन लेकरं गेली, तेव्हा ती वर्षभर कुणाशी बोलली नव्हती असं तूच सांगितलंयस. माझ्या दोन वेळांनाही ती अशीच खचली. आता तिसऱ्यांदा नको.

फोन करणार होते, पण तुझ्या फोनला आईचा कान चिकटलेला असतो. आणि माझा आवाज मला दगा देतो. पत्रात आवाज नसतो.

गंमत बघ. मी दिवसभर प्रयोगशाळेत काय बघत असते? माशांचे गर्भ. त्यांच्यात पाण्यानं भरलेल्या पोकळ्या कशा होतात, आणि त्या पोकळ्यांमुळे कान, मेंदू, आतडं यांना आकार कसा येतो. आता सुट्टी घेऊन मी स्वतःच एक पोकळी होऊन पडले आहे. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची वाफ दिसते. डोक्याशी पाण्याचा ग्लास असतो. दुपारी त्यातून उजेड वर छतावर जातो आणि तिथे हलत राहतो. मी तेवढंच बघते.

तुझी,
बेडकी



१७ जानेवारी

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, पण एकट्यानं वाचता आलं नाही. मी कारखान्यातून यायच्या आधीच पोस्टमननं ते तुझ्या आईच्या हातात दिलं होतं. मी दारात चपला काढतोय तोवर ताई खुर्ची ओढून समोर बसली. "वाच," म्हणाली. पाकीट फोडलं. पहिली ओळ डोळ्यांनी वाचली आणि कागद उजेडाकडे धरला.

"काय रे, अक्षर लागत नाही का?"

मग बेडके, मी एक उद्योग केला. तुझी सगळी हकीगत मी माशावर ढकलली. म्हटलं, प्रयोगशाळेत एक मासळी आहे, पोटुशी. पिशवीला भोक पडून तिचं पाणी गेलंय. पोरगी तिच्याकडे लक्ष ठेवून आहे. ताईनं विचारलं, "मग आता काय करणार तिचं?" माझी नजर तुझ्या कागदावर. तिथे होतं तेच तोंडातून निघालं. म्हटलं, "डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलंय."

ताई म्हणाली, "आणि खायला?"

"दूध."

"मासळीला दूध?"

"आता तिकडे सगळं सुधारलंय ताई," मी म्हणालो.

ती उठून कणीक मळायला लागली. मला वाटलं, निभावलं.

पोरी, तुला धीर कसा द्यावा मला कळत नाही. मी शाळेत सातवीपर्यंत गेलेला माणूस. चेंडू शिवणं एवढंच मला येतं. पण तू पोकळीचं लिहिलंस म्हणून सांगतो. आम्ही चामड्याचे तुकडे आतून-बाहेरून उलटे ठेवून शिवतो. शेवटची शिवण घालायच्या आधी चेंडू सुलटा करून आत रबरी फुगा सोडतो. तोवर ते नुसतं बोचकं असतं. गोल आहे की लांबुळकं, आम्हालाही सांगता येत नाही. हवा भरली की ते आपला आकार आठवल्यासारखं करतं. म्हणून विचारतो, तुझ्या माशांच्या पोकळीत पंप कोण मारतं? मला वाटतं देव. पण तुझं काय म्हणणं ते कळव.

मी रोज संध्याकाळी हात जोडतो, ते आता जरा जास्त वेळ जोडलेले राहतात.

तुझा मामा



२६ जानेवारी

प्रिय मामा,

मासळीला दूध! मी इतकी हसले की हे स्वयंपाकघरातून हातात कालथा घेऊन धावत आले. हसायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही, पण यांनी माझ्या वतीनं त्यांना फोन करून विचारलं. हसलं तर चालतं.

आता पुढच्या पत्रांत मीच माशाचं खरं खरं लिहीन, म्हणजे तुला आईपुढे खोटं बोलावं लागणार नाही. माझं तेवढं शेवटच्या वेगळ्या चिटोऱ्यावर असेल.

तर पंप. पंप कुणी मारत नाही मामा, आणि हीच त्यातली सुंदर गोष्ट आहे. माशाचा गर्भ काचेसारखा आरपार असतो. डोळ्याच्या मागे एक छोटा गोळा दिसतो. तो पुढे कान होणार असतो. सुरुवातीला तो भरीव असतो, दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या माणसांसारखा. मग मधोमध एक फट दिसते, केसाएवढी. त्या फटीभोवतीच्या पेशी फटीत मीठ टाकायला लागतात. मीठ गेलं की पाणी त्याच्यामागे जातं. दुसरं कुणी काही करत नाही. फट फुगते. भिंतीवर दाब येतो, भिंत ताणली जाते, पातळ होते, आणि ज्या पेशी जशा ताणल्या जातात तशा त्या पुढे काय व्हायचं ते ठरवतात. म्हणजे आधी जागा होते. त्या जागेत राहायला कोण येणार ते मागाहून ठरतं.

मी तिथे बारीक काचेच्या सुईनं त्या कानाला टोचायचे. पाणी निसटतं, पोकळी चिमते. वाटतं, गेलं. आणि थोड्या वेळानं बघावं तर भोक मिटलेलं असतं आणि पोकळी आधीपेक्षा जास्त वेगानं भरत असते. कारण दाब कमी झाल्याचं भिंतीला कळतं. दाब जास्त असला की पाणी हळू येतं, कमी झाला की भराभर. काही तासांत तो कान न टोचलेल्या कानाला गाठतो.

हे आईला वाचून दाखव. हे सगळं खरं आहे.

(चिटोरं)
मामा, माझं पाणी फार कमी आहे. पण आणखी कमी झालेलं नाही. बाळ लाथ मारतं तेव्हा मला ती फार जवळून लागते. मध्ये काही नाही अशी. पाणी असतं तेव्हा लाथ लांबून येते म्हणतात. मला लांबून आलेली हवी आहे.

बेडकी



४ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र ताईला वाचून दाखवलं. तिला माशाचा कान फार आवडला. दोनदा वाचायला लावलं. "टोचलं तरी परत भरतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "भरतं. आधीपेक्षा वेगानं भरतं." मग ती अंधार पडेपर्यंत अंगणाच्या पायरीवर बसून होती.

आणि पोरी, मला खरंच हायसं वाटलं. तू स्वतःच लिहिलंस की टोचलेली पोकळी न टोचलेलीला गाठते. म्हणजे तुझंही भरणार. देवानं जी युक्ती बोटाच्या पेराएवढ्या मासळीला दिली ती तुला द्यायला विसरेल का? मी आता काळजी सोडली आहे. तूही सोड. ताईला तर मी सांगून टाकलं, की ती मासळी आठ-पंधरा दिवसांत उठून बसेल. तिनं विचारलं, "पोरगी तसं म्हणाली?" मी म्हटलं, "तसंच समज."

कारखान्यात एक नवा गडी आलाय. चेंडू शिवून झाला रे झाला की पंपाखाली धरतो आणि टणक होईपर्यंत भरतो. एका जागची शिवण उसवली आणि चेंडू एका गालानं सुजला. मुकादम म्हणाला, "अरे, दात दुखतोय का त्याचा?" नव्या शिवणीत थोडी हवा भरायची, हातानं मळायचं, ठेवून द्यायचं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी भरायची. दोऱ्याला आणि चामड्याला एकमेकांची ओळख व्हावी लागते. मला वाटतं तुझंही तसंच चाललंय. कुणीतरी जपून भरतंय.

रात्री डोळे मिटले की मला तो कान दिसतो. काळ्या पाण्यात एक लुकलुकता थेंब, आणि त्याच्याभोवती सगळे एकमेकांना धरून उभे. मला वाटतं मी त्यांच्यात उभा आहे.

मामा



१५ फेब्रुवारी

मामा,

मी तुझ्यावर रागावलेली नाही, पण हे लिहावंच लागेल. तसं वचन मी दिलं नव्हतं. मी माशाच्या कानाबद्दल लिहिलं होतं. मी मासा नाही.

काल तपासणी झाली. पाणी आणखी गेलंय. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाभोवती पाण्याचं जे काळं दिसायला हवं ते जवळजवळ दिसलंच नाही. बाळ नुसतं भिंतीला टेकून आहे. कुणीतरी खोलीत कोंडल्यासारखं.

भीती कशाची आहे ते तुला नीट सांगते, कारण मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. यांना सांगितलं की ते उठून भांडी घासायला जातात. पोटातलं बाळ श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसं हवेनं नाही, पाण्यानं भरलेली असतात, आणि ते पाणी फुप्फुसं स्वतःच तयार करतात. त्याच मिठाच्या युक्तीनं. त्या पाण्याच्या दाबानं फुप्फुसाच्या फांद्या फुटत जातात. झाडासारख्या, बारीक, आणखी बारीक. आणि बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला थोपवून धरतं. बाहेरचं गेलं की आतलंही तोंडावाटे वाहून जातं, दाब राहत नाही, फांद्या खुंटतात. बाळ वाढतं, हात-पाय होतात, नखं येतात. मग जन्मतं आणि त्याला श्वास घ्यायला जागाच नसते.

हे मी पुस्तकात शिकले, शिकवलंही. परीक्षेत विचारलं होतं मी मुलांना. पाच मार्कांना.

माझं पत्र आता आईला वाचून दाखवू नकोस. माशाचंही नाही. पत्र आलं नाही म्हणून सांग.

बे.



२३ फेब्रुवारी

बेडके,

तुझं म्हणणं बरोबर आहे. मी नव्या गड्यासारखं केलं. शिवण कच्ची असताना जोर लावला. पुन्हा असं होणार नाही.

आता जे झालं ते सांगतो. मी ताईला म्हणालो, पत्र आलं नाही. दुसऱ्या दिवशीही म्हणालो. तिसऱ्या दिवशी मी जेवत होतो. तिनं माझ्या ताटात वाढलं आणि वाढता वाढता विचारलं, "पाणी फार गेलं का रे?"

मी म्हटलं, "कुणाचं?"

"मासळीचं. अरे, डाव्या कुशीवर झोपणारी, दूध पिणारी मासळी मी पाहिली नाही, आणि मला दिसत नाही म्हणून तू काहीही सांगशील होय? मीही पडले होते डाव्या कुशीवर. तुझ्या भाचीच्या जन्माच्या आधीपासून मला कूस ठाऊक आहे."

मी म्हटलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू वाचायचा थांबला असतास. मला तेवढंच तर कळत होतं."

मग मी सगळं सांगितलं. खिशातून पत्रं काढून चिटोऱ्यांसकट वाचली. फुप्फुसांचं वाचताना माझा आवाज गेला, तेव्हा तिनं मला पाणी दिलं. म्हणजे मी तिला सांभाळणार होतो, आणि झालं हे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी घाबरेन म्हणून तिनं मला सांगितलं नाही. आणि तिकडे ती एकटी घाबरत पडली आहे. असं लपवल्यानं भीती अर्धी होते का? दोन घरांत दोन पुऱ्या भीत्या झाल्या."

मी म्हटलं, "तुझ्या दोन लेकरांच्या वेळी तू..."

"तेव्हा माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं," ती म्हणाली. "सगळे मला जपत होते. लांबून."

ती निघाली आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मी तिला गाडीत बसवून देतो, उतरल्यावर जावईबापूंनी घ्यायला यावं. ऑपरेशन लांबलं तर लांबलं म्हणते. तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, तिला दार उघड.

मामा



११ मार्च

प्रिय मामा,

आईला येऊन दहा दिवस झाले आणि मी तुला आज लिहितेय. पण या खोलीत दिवस पाण्यासारखे झालेत, एक संपून दुसरा सुरू झालेला कळत नाही.

मला वाटलं होतं ती आल्या आल्या रडेल किंवा मला झापेल. तिनं पलंगाच्या कडेला बसून माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "सरक जरा." मग माझ्याच पलंगावर आडवी झाली, माझ्या पाठीशी. लहानपणी ताप आला की झोपायची तशी. आम्ही दोघी डाव्या कुशीवर. हे चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. आई म्हणाली, "काय जावईबापू, पुरुषमाणसानं बघावं असं इथे काही नाही. चहा ठेवा आणि जा." हे तिला फार घाबरतात. भांडी मात्र आता आवाज न करता घासतात.

ती काही विचारत नाही. मीच बोलते. मामा, मी तिला सगळं सांगितलं, पाच मार्कांच्या प्रश्नासकट. तिनं विचारलं, "मग मुलांना आलं का उत्तर?" मी म्हटलं, बहुतेकांना आलं. "तू नीट शिकवलं असशील."

परवा माझी प्रयोगशाळेतली मैत्रीण भेटायला आली. आई तिला म्हणाली, "ती मासळी दाखव." मैत्रिणीकडे मासळी नव्हती, लॅपटॉपवर उंदराच्या गर्भाची फिल्म होती. आईनं नाकाला चिकटेपर्यंत लॅपटॉप जवळ घेतला. मोठं केलं की तिला दिसतं.

अगदी पहिल्या दिवसांतला गर्भ तो. पेशींचा एक चेंडू, भरीव. मग पेशींच्या मध्येमध्ये बारीक थेंब चमकायला लागतात, पहाटेच्या गवतावर चमकतात तसे. कितीतरी. मग बघता बघता छोटे थेंब रिकामे होतात आणि त्यांचं पाणी मोठ्यांत जातं. शेवटी एकच उरतो. तो फुगतो. गर्भ एकदम चिमतो, परत फुगतो, परत चिमतो. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा मोठा होतो. पोकळी एका बाजूला राहते, पेशींचा पुंजका दुसऱ्या बाजूला. त्या पुंजक्यातूनच पुढे उंदीर होणार.

आई म्हणाली, "हा चिमला तेव्हा तुम्ही काय करता?"

मैत्रीण म्हणाली, "काही नाही. कॅमेरा चालू ठेवतो."

"म्हणजे बघत बसता."

"हो."

आई हसली. म्हणाली, "एवढं शिकून तुम्हीही तेच करता म्हणजे."

काल तपासणी झाली. पाणी थोडं वाढलंय. मी 'भोक मिटलं' असं लिहिणार नाही, डॉक्टरीणबाईही म्हणाल्या नाहीत. पण बाळाच्या नाकासमोर बोटभर काळं दिसलं, आणि त्या काळ्यात बाळ तोंड उघडत होतं, मिटत होतं. पाणी आत घेत होतं, बाहेर सोडत होतं. श्वासाची तालीम. आई अंधारात माझा हात धरून बसली होती. तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, ती माझ्या हातावरून बघत होती.

संध्याकाळी लाथ आली. थोडी लांबून.

बेडकी



१९ मार्च

चि. बेडकीस,
आशीर्वाद. ताईला नमस्कार.

पत्र पोचलं. 'आता भरणारच' असं म्हणणार नाही. मनात आलं, ते मनातच ठेवलं.

घरात आता मी एकटा. ताईची खुर्ची समोर असते. सवयीनं मी तुझं पत्र मोठ्यानंच वाचलं. मग लक्षात आलं, ऐकायला कुणी नाही. तरी शेवटपर्यंत वाचलं. रिकाम्या घरात आपला आवाज निराळा लागतो, जरा जाडसर. भिंतींना ऐकू जात असल्यासारखा.

मी देवापुढे बसतो तेव्हा मला मागता येत नाही. आधीपासूनच. लोक किती काय काय बोलतात देवाशी. मी नुसता गप्प बसतो. मला वाटायचं ही आपल्यातली उणीव आहे, आपल्याला शब्द नाहीत. तुझी पत्रं वाचल्यापासून वाटतं, गप्प बसल्यानं आत एक फट होत असेल. केसाएवढी. तिच्यात काय यायचं ते मी ठरवायचं नाही. मी फक्त ती मिटू द्यायची नाही. तू म्हणालीस ना, पंप कुणी मारत नाही. त्याचं मला आधी वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, देव कमी झाल्यासारखं वाटलं. आता वाटत नाही. बाहेरून पंप मारणारा देव म्हणजे आमच्या नव्या गड्यासारखा झाला. भिंतीलाच मीठ टाकायची बुद्धी देणारा मला जवळचा वाटतो. तुझी समजूत वेगळी असेल, असू दे. तू बघतेस, मी बसतो.

जावईबापूंना सांग, खरकटी भांडी थोडा वेळ भिजत घातली की घासताना आवाज होत नाही.

मामा



५ एप्रिल

प्रिय मामा,

मुलगी झाली. आठव्या महिन्यात, सत्तावीस मार्चला, भर दुपारी. मी एवढे दिवस पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. तिचंही ठरत नव्हतं, माझंही.

कळा आपणहून आल्या. डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या फुप्फुसांसाठीची सुई मला आधीच देऊन ठेवली होती. पोरगी जन्मली तेव्हा रडली नाही. ओंजळीएवढी, निळसर. तिला उचलून धावत नेलं आणि मी छताकडे बघत राहिले. तिथे काही हलत नव्हतं.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी कधी शिकवली नव्हती, कारण माझा विषय जन्माच्या आधीच संपतो. एवढे महिने ज्या पेशी फुप्फुसात पाणी ओततात ना, कळा सुरू झाल्या की त्याच पेशी उलट्या फिरतात. ओतायचं थांबवतात आणि प्यायला लागतात. जे पाणी करून त्यांनी जागा राखली, ते त्याच पिऊन टाकतात, कारण आता तिथे दुसरं कुणी येणार असतं. त्यांना कुणी सांगत नाही. कळांच्या त्रासातूनच त्यांना कळतं. तो सगळा त्रास म्हणजे बाळाला पाठवलेला निरोप होता. मी ओरडत होते तेव्हा आत कुणीतरी आवराआवर करत होतं.

पण तिच्या फुप्फुसात जागा किती झाली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नळी घातली. मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. दिवसभर फुस्स, थांब, फुस्स. आई रोज पेटीशी उभी राहायची. तिला आत काय आहे ते नीट दिसायचं नाही. ती त्या आवाजाच्या तालावर हलकेच मान हलवायची. हे बाहेर बाकावर असायचे. पहिल्यांदाच घासायला काही नव्हतं.

मशीनचा जोर रोज थोडा थोडा कमी करत होते. आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढून बघू." मी विचारलं, "नाही जमलं तर?" त्या म्हणाल्या, "तर परत घालू. पण बघितल्याशिवाय कळणार नाही." हे आत आले. आम्ही तिघं, डॉक्टरीणबाई आणि एक नर्स.

नळी काढली. नर्सनं मशीन बंद केलं. एवढे दिवस त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मी तिच्या छातीकडे बघत होते. काही नाही. बरगड्यांच्या मध्ये कातडी आत गेली आणि तशीच राहिली. मला त्या घडीला काही आठवलं नाही, मीठ नाही, पाणी नाही, काही नाही.

मग छाती वर आली. परत खाली. परत वर.

आई माझं मनगट धरून पेटीवर वाकली होती. "काय चाललंय?" तिनं विचारलं. मला सांगता येईना. तिनं कान काचेला लावला आणि डोळे मिटले. मग कुजबुजली, "बोलू नका कुणी."

नर्स म्हणाली, "आजी, कुणीच बोलत नाहीये."

"तरी," आई म्हणाली.

बेडकी